अपलिंक आणि संगणकाचा पोर्ट यातला फरक तुमच्या फायरवॉलला कळत नाही

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक सहाय्य विभाग

विषय: संशयित संगणक स्विचवरूनच आपोआप तोडण्याच्या सुविधेतील दोष, त्यामुळे तिन्ही मजल्यांचं नेटवर्क बंद

महोदय,

कालचा फोन पाचवा होता. आता फोन नाही, जे काय ते लेखी.

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या कार्यालयाची मांडणी तुमच्याच इंजिनियरने पाहून मंजूर केली होती. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर 24 पोर्टचा एक स्विच, 24 व्या पोर्टवरून कोअर (मधल्या मुख्य) स्विचला अपलिंक, म्हणजे वर जाणारी जोडणी. व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली आभासी नेटवर्कं) 10, 20 आणि 30 यांच्यातलं राउटिंग कोअरवर, आणि कोअरच्या पुढे तुमची फायरवॉल.

एकाच व्हीलॅनमधली वाहतूक फायरवॉलपर्यंत येतच नाही. म्हणून तर संसर्ग झालेला संगणक स्विचच्या पोर्टवरच तुटायला हवा, आणि त्यासाठीच आम्ही तीन वर्षांचं लायसन्स घेतलं.

आधी रेडियसचा (नेटवर्कमध्ये प्रवेश कोणाला द्यायचा ते ठरवणाऱ्या प्रणालीचा) मार्ग लावला. डॅशबोर्डवर हिरवी खूण आणि ‘क्वारंटाइन यशस्वी’. संगणक मात्र जसाच्या तसा चालू. पॅकेट कॅप्चर केल्यावर दिसलं की तुमची फायरवॉल सीओए विनंती (दिलेला प्रवेश बदलण्याचा हुकूम) यूडीपी पोर्ट क्रमांक 1700 वर पाठवते. आमचे स्विच आरएफसी 5176 या मानकाप्रमाणे 3799 वर ऐकतात. स्विचकडून होकार नाही, नकारही नाही, तरी तुमच्याकडे खूण हिरवी! पोर्ट बदलायची सोय तुमच्या स्क्रीनवर नाही. हे कळवल्यावर तुमच्या माणसाने ‘एसएनएमपी वापरा’ (म्हणजे स्विचची माहिती वाचण्या-बदलण्याचा दुसरा मार्ग) एवढंच सांगितलं.

तो मार्ग लावला आणि गेल्या मंगळवारी व्हीलॅन 20 मधला एक संगणक बाहेरच्या पत्त्यांवर 445 क्रमांकाचा पोर्ट (फाइल शेअरिंगचा) तपासत सुटला. फायरवॉलमधल्या आयपीएसने (घुसखोरी ओळखणाऱ्या यंत्रणेने) तो पकडला, आयपी पत्ता बरोबर नोंदवला. पण त्यापुढे लॉगमध्ये जो मॅक पत्ता (नेटवर्क उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) आहे तो संगणकाचा नाही, कोअर स्विचचा आहे. राउटिंग कोअरवर असताना फायरवॉलला दुसरा मॅक दिसणारच नाही. तुमच्या उपकरणाने तोच मॅक तिन्ही स्विचच्या तक्त्यांत शोधला. आमच्या कोअरचा सगळ्या व्हीलॅनसाठी मॅक एकच, त्यामुळे तिन्ही ठिकाणी तो 24 व्या पोर्टवर सापडला. तिन्ही अपलिंक क्वारंटाइनच्या व्हीलॅन 99 मध्ये टाकल्या गेल्या. तिन्ही मजले बंद. तो संगणक मात्र आपल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचे 445 पोर्ट खुशाल ठोठावत राहिला, कारण त्या वाहतुकीला अपलिंक लागतच नाही.

30 मिनिटांनी क्वारंटाइन आपोआप सुटायला हवं होतं. सुटलं नाही. सोडण्याचा हुकूम ज्या अपलिंकवरून जायचा तीच तोडलेली. शेवटी कन्सोल केबल घेऊन प्रत्येक रॅकपाशी उभं राहून, 9600 च्या वेगाने, तिन्ही पोर्ट हाताने पुन्हा ट्रंक (सगळे व्हीलॅन नेणारे) करावे लागले.

आता कालचा फोन. 40 मिनिटं थांबवून घेतल्यावर तुमचा माणूस म्हणाला, “सर, एक बार रीबूट कर लीजिए.” सांगितलं, दोनदा केलं. “फिर 8.8.8.8 पिंग करके बताइए.” सांगितलं, इंटरनेटची तक्रारच नाही, लॉगमधला मॅक बघा. लॉग त्याच्यासमोर उघडा होता. कोअरचा मॅक कोणता, तो 24 व्या पोर्टवर का दिसतो, एकेक ओळ वाचून दाखवली. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, “सर, फायरवॉल ने ब्लॉक तो किया ना? फिर शिकायत किस बात की?” आणि परत, “एक बार रीबूट करके देख लीजिए.” तिकीट ‘समस्या सुटली’ असं लिहून बंद केलं. तीन मजल्यांची माणसं हातावर हात धरून बसली होती, आणि तुमच्या लेखी ती तक्रारच नाही! हा अपमान आहे आणि आम्ही तो तसाच नोंदवतो.

यातला धोका गैरसोयीपुरता नाही. 28 एप्रिल 2022 च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते. ‘क्वारंटाइन यशस्वी’ वाचून माणूस निर्धास्त होतो, आणि ते तास तुमच्या खोट्या हिरव्या खुणेत जातात.

दुरुस्ती अवघड नाही. आयपीवरून मॅक काढताना कोअरचा एआरपी तक्ता (कोणत्या आयपीचा मॅक कोणता याची यादी) एसएनएमपी व्ही3 ने वाचा, स्वतःच्या तक्त्यावर विसंबू नका. ज्या पोर्टवर एलएलडीपीने (शेजारचं उपकरण कोणतं ते सांगणाऱ्या प्रोटोकॉलने) पलीकडे स्विच दिसतो, तो पोर्ट कधीच तोडू नका. न तोडायच्या पोर्टांची यादी आम्हाला भरू द्या. व्हीलॅन बदलल्यावर पोर्ट क्षणभर पाडून उचला, नाहीतर संगणक जुनाच आयपी धरून बसतो. सीओएचा पोर्ट बदलता येऊ द्या. आणि हिरवी खूण स्विचकडून पोर्टची स्थिती परत वाचल्यावरच दाखवा.

तोवर आम्ही ही सुविधा बंद ठेवली आहे, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तीच वापरता येत नाही. 15 दिवसांत दुरुस्त फर्मवेअरची तारीख लेखी कळवा, नाहीतर लायसन्सची उरलेली रक्कम परत करा. दोन्ही झालं नाही तर पुढचं पत्र वकिलामार्फत येईल. तुमचं जुनं मॉडेल आमच्याकडे सात वर्षं बिनतक्रार चाललं, त्या विश्वासावर हे घेतलं होतं. तो विश्वास आता उरलेला नाही.

सोबत: पॅकेट कॅप्चर, मंगळवारचा आयपीएस लॉग, तिन्ही स्विचचे मॅक तक्ते.

नेटवर्क विभाग,
रामबाग, इंदूर