तुझं वय, माझं वय आणि क्ष

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तणतणत होतीस, की समीकरणात संख्या पलीकडे नेली की अधिकची उणे होते, आणि का होते ते विचारलं तर सगळे ‘नियमच आहे’ म्हणतात. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो. सुरुवात मात्र वजाबाकीपासून करावी लागेल.

तू १२ वर्षांची, मी ४३ चा. फरक ३१. पुढच्या वर्षी तू १३, मी ४४, फरक तोच. दोन्ही संख्यांत सारखीच भर घातली की वजाबाकीचं उत्तर हलत नाही. आजी ५२ मधून २७ काढते ती याच जोरावर. १२ मधून ७ गेले, राहिले ५. हातचा १; २ आणि १ तीन; ५ मधून ३ गेले, राहिले २. उत्तर २५. म्हणजे तिने वर १० एकक घातले आणि खाली १ दशक. तुम्ही शाळेत शेजारच्या दशकाकडून उसने घेता. तेही बरोबरच, पण ३००० − १४८६ आलं की उसनवारीची रांग लागते. तिथे दोन्हीकडून १ काढून टाक. २९९९ − १४८५ = १५१४. हातचा नाही, काही नाही.

अपूर्णांकांत मात्र ही युक्ती चालवू नकोस. आज तुझं वय माझ्या वयाच्या १२/४३ आहे, पुढच्या वर्षी १३/४४ होईल, आणि तो अपूर्णांक मोठा आहे. अंश-छेदात सारखी भर घातली की किंमत बदलते. सारख्याच संख्येने गुणलं तर बदलत नाही (शून्य सोडून). म्हणून २/३ − १/४ करताना छेद १२ करायचा: ८/१२ − ३/१२ = ५/१२. वरून वर आणि खालून खाली वजा करणाऱ्याला १/−१, म्हणजे उणे १ मिळतो. दोन तृतीयांशातून पाव काढल्यावर काहीतरी उरायला हवं की नको?

भागाकारात ‘उलटा करून गुण’ म्हणतात तेही हेच. ३/४ ला २/५ ने भागताना दोघांनाही ५/२ ने गुण. भाजक १ होतो, आणि १ ने भागायचं काय राहिलं? उत्तर १५/८. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराला ‘लीलावती’त हा नियम श्लोकात दिला आहे.

आता तुझं भांडण. क्ष + ७ = १९. दोन्ही बाजू सारख्या आहेत, तर दोन्हीकडून ७ काढ. डावीकडे नुसता क्ष उरला, उजवीकडे १९ − ७. सात कुठेही गेले नाहीत, चिन्हही बदललं नाही. डावीकडची पायरी लिहायचा कंटाळा केला की तसं दिसतं, इतकंच. महिनाभर ती पायरी लिहीतच जा.

तू माझ्या निम्म्या वयाची कधी होशील? क्ष वर्षांनी म्हण. २(१२ + क्ष) = ४३ + क्ष, म्हणजे २४ + २क्ष = ४३ + क्ष. दोन्हीकडून क्ष काढ, मग २४ काढ: क्ष = १९. तेव्हा तू ३१ ची, मी ६२ चा. ताळा जुळला.

दोन तृतीयांश कधी होशील ते तू काढ आणि कळव. उत्तर आलं की माझ्या तब्येतीचीही जरा चौकशी कर.

तुझा,
बाबा