प्रत्यारोपण कक्षात नव्या सिस्टरला एकटीला सोडू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मूत्रपिंड प्रत्यारोपण यशस्वी झाल्याची बातमी येते तेव्हा फोटोत सर्जन असतात, नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे मूत्रपिंडाचे डॉक्टर असतात, दाता असतो. असायलाच हवेत. मी बरीच वर्षं प्रत्यारोपण कक्षाची इन्चार्ज सिस्टर होते, त्यामुळे मला वेगळाच प्रश्न पडतो. त्या रात्री रुग्णाजवळ कोण होती, आणि तिला हे काम कोणी शिकवलं?

'ट्रेनिंग झालंय' असं उत्तर मिळतं. मी पाहिलेलं ट्रेनिंग म्हणजे दोन लेक्चर, एक पुस्तिका आणि रजिस्टरवर सही. पुढच्याच आठवड्यात नाईटच्या लिस्टमध्ये नाव.

जिवंत दात्याचं मूत्रपिंड बऱ्याचदा ऑपरेशन टेबलावरच काम सुरू करतं. पहिल्या चोवीस तासांत काही लिटर लघवी होते. ती दर तासाला मोजायची आणि त्या हिशेबाने सलाईन द्यायचं. नवी मुलगी हे अगदी मन लावून करते. चार्टवर मिलिलिटरमध्ये ४००, ३५०, ३८० लिहिते आणि पुढच्या तासाला ४०. तेही तितक्याच सुंदर अक्षरात! मोजायला तिला शिकवलेलं असतं, दचकायला नाही. नळी कुठे मुडपली आहे का, रुग्णाच्या अंगाखाली दबली आहे का, लघवीत रक्ताच्या गाठी दिसतात का, ओटीपोट फुगलंय का, बीपी किती आहे, हे सगळं तिथल्या तिथे बघून लगेच डॉक्टरांना फोन जायला हवा. पुढच्या तासाच्या आकड्याची वाट बघायची नाही. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली असेल, तर तो तास परत मिळत नाही.

उलट, मेंदूमृत दात्याचं मूत्रपिंड कधीकधी काही दिवस सुस्त राहतं आणि पहिल्या आठवड्यात डायलिसिसही लागतं. तिथे त्याच ४० चा अर्थ वेगळा. आणखी एक गोष्ट पुस्तिकेत सहसा नसते. रुग्णाची जुनी मूत्रपिंडं बहुधा काढत नाहीत, नवं मूत्रपिंड खाली ओटीपोटात बसवतात. म्हणून ऑपरेशनआधी त्याला रोज किती लघवी व्हायची, हे भरती करतानाच विचारून ठेवावं लागतं. नाहीतर बॅगेतली लघवी नव्याची की जुन्यांची, हे कळणार कसं?

औषधांचंही तसंच. १९५४ साली बोस्टनमध्ये पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, त्यामुळे शरीराने मूत्रपिंड नाकारण्याची भीती नव्हती. आजच्या बहुतेक रुग्णांना ते मूत्रपिंड असेपर्यंत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. त्यातलंच एक टॅक्रोलिमस. रक्तातली त्याची लेव्हल, म्हणजे पातळी, बघायला रक्त सकाळच्या डोसच्या आधी काढायचं असतं. आठचा डोस आठच्या ठोक्याला देऊन नऊला रक्त काढणारी सिस्टर वक्तशीरच म्हणायची, पण लेव्हल खोटी जास्त येते आणि डॉक्टर डोस कमी करून बसतात. याच औषधांमुळे जंतुसंसर्ग असूनही ताप फारसा चढत नाही. नुसतं 'जरा कसंतरी होतंय' म्हणणाऱ्याकडेही नीट बघावं लागतं. फिश्चुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही, हे आता बहुतेकींना माहीत असतं. तेवढं समाधान.

घरी सोडतानाचं शिकवणं तर कोणी ट्रेनिंगमध्ये धरतच नाही. 'समजलं ना?' विचारलं की रुग्ण मान डोलावतो. त्याच्यासमोर गोळ्यांच्या पट्ट्या ठेवून 'सकाळच्या वेगळ्या काढून दाखवा' म्हटलं की खरं काय ते कळतं. अंग दुखलं म्हणून परस्पर पेनकिलर घ्यायची नाही, दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर आधी आम्हाला फोन करायचा, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावं लागतं. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने टॅक्रोलिमसची लेव्हल वाढते, टीबीच्या रिफॅम्पिसिनने घसरते. हे समजावून सांगायचं तर सिस्टरला स्वतःला आधी ठाऊक हवं.

हे रुग्णाच्या उशाशीच शिकता येतं. नव्या सिस्टरला सुरुवातीला स्वतंत्र रुग्ण देऊ नये. तिने अनुभवी सिस्टरच्या जोडीने ड्युट्या कराव्यात, त्यात रात्रीच्याही हव्यात, कारण फोन करू की नको हा घोळ रात्रीच जास्त होतो. 'उगीच उठवलं' म्हणून तिच्यावर खेकसणाऱ्या डॉक्टरांनाही कोणीतरी चार शब्द सांगावेत. ती तयार झाल्याचा शेरा तिचं काम बघितलेल्या सिस्टरने द्यावा, ऑफिसने नव्हे. आणि तयार झाल्याबरोबर तिची दुसऱ्या वॉर्डात बदली करू नये. हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की शिकवणाऱ्या सिस्टरच शेवटी कंटाळतात.

स्टाफ कमी आहे, हे उत्तर मला पाठ आहे. निदान शिकवणाऱ्या सिस्टरला तेवढ्या काळापुरता एक रुग्ण तरी कमी द्यावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका