घराचे शब्द

डोंबिवली

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

आमच्या वाचनालयात ‘घर’ या विषयावर शब्दमेघ, म्हणजे लोकांनी दिलेल्या शब्दांचे लहानमोठ्या अक्षरांतले चित्र, कसा केला, हे तू सविस्तर विचारले आहेस. तुमच्याकडेही वर्धापनदिनी तो करायचा बेत आहे, म्हणून नुसते कौतुकाचे न लिहिता कामाचे तेवढे लिहितो.

सारी भिस्त असते ती प्रश्नावर. ‘घर म्हणजे काय?’ असे विचारले की चिठ्ठ्यांवर माया, आधार, विसावा हेच शब्द उतरतात. ते खोटे नसतात, पण कोणाच्याही घराला लागू पडतात. त्याऐवजी मी सांगितले, की डोळे मिटून मनाने घरात शिरा आणि आधी काय दिसते, काय ऐकू येते, कसला वास येतो, ते एकेका शब्दात लिहा. मग मात्र ओसरी, माजघर, वळचण, फडताळ यांच्या शेजारी सामाईक नळ, गॅलरी, लोकलचा भोंगा आणि कर्जाचा हप्ता येऊन बसले. ज्येष्ठांना आणि शाळकरी मुलांना एकाच गटात बसवावे, असे माझे ठाम मत आहे. कारण ‘फडताळ म्हणजे काय हो आजोबा?’ असे कोणी विचारले, की सांगता सांगता आजोबांनाच आणखी शब्द आठवतात.

जो शब्द अधिक वेळा आला तो मोठा छापायचा, ही कल्पना संगणकाने आणलेली नाही. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने 1976 मध्ये पॅरिसचा एक नकाशा प्रसिद्ध केला, त्यात रहिवाशांनी जे ठिकाण अधिक वेळा सांगितले त्याचे नाव अधिक मोठ्या अक्षरांत होते. पुढे 2008 मध्ये जॉनाथन फाइनबर्ग यांच्या ‘वर्डल’ या शब्दमेघ करणाऱ्या संकेतस्थळाने हा प्रकार घरोघरी नेला (आताच्या पाच अक्षरी कोड्याशी त्याचा संबंध नाही).

मराठीत मात्र मोजणीपाशीच अडते. संगणकाला घर, घरात, घरी, घरचे हे वेगवेगळे शब्द वाटतात. म्हणून चिठ्ठ्या टंकलिखित करतानाच शब्द मूळ रूपात आणावेत, आणि कोणी पूर्ण वाक्य लिहिले असेल तर ‘आणि’, ‘आहे’, ‘होते’ हे आपणच गाळावेत. देवनागरी फॉन्ट निवडला नसेल तर अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात, आणि काही साधने तर काना-मात्रा अक्षरापासून तोडून ‘स्वयंपाकघर’चे तुकडे करतात. आधी एका जोडाक्षरी शब्दावर चाचणी घे, लोकांसमोर शोभा नको.

अपेक्षेप्रमाणे ‘आई’ आणि ‘चहा’ सर्वांत मोठे झाले. पण कोयना धरणामुळे गाव सोडून ठाणे जिल्ह्यात वसलेल्या कुटुंबातील एका गृहस्थांनी ‘जोते’ लिहिले होते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या घराचे तेवढेच दिसते, असे ते म्हणाले. हा शब्द आणखी कोणी लिहिला नसल्याने संगणकाने तो कोपऱ्यात बारीक टाइपात टाकला. यात संगणकाचा दोष नाही, त्याला आपण मोजायलाच सांगितले होते. मात्र मोजणीने सर्वांच्या घरात काय सारखे आहे तेवढेच कळते, आणि मला तरी त्याहून अधिक हवे होते. म्हणून मी प्रत्येक गटाला कोरा कार्डशीट आणि स्केचपेन देऊन सांगितले, की कोणता शब्द किती मोठा काढायचा ते आपापसांत बोलून ठरवा. खरा उपक्रम तिथे सुरू झाला. ‘हप्ता’ मोठा असावा की नको, यावरून एका गटात नवरा-बायकोतच जुंपली, आणि ‘जोते’ तर त्या गृहस्थांच्या गटातील मुलांनी रंगवून पार मध्यभागी आणले.

दोन्ही प्रकारचे मेघ आम्ही शेजारी शेजारी लावले आहेत, तूही तसेच कर. त्यासाठी वेळ मात्र सढळ ठेव. संगणकाचे काम झटपट उरकते, कार्डशीटवरची चर्चा उरकत नाही. गाळायच्या शब्दांची यादी सोबत जोडली आहे. तुमच्याकडचे बोलीतले शब्द तिच्यात चुकून गेले असतील तर ते आधी काढून टाक. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा मित्र