‘बसल्या बसल्या’ होणाऱ्या कामाचे तासही मोजा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ साली ठराव करून ५ डिसेंबर हा दिवस स्वयंसेवकांसाठी राखून ठेवला. त्या सुमारास वृत्तपत्रांतून स्वयंसेवकांच्या कौतुकाचे लेख येतात आणि नव्या कामांसाठी माणसे हवी असल्याची आवाहनेही येतात. त्यांपैकी एका प्रकारच्या आवाहनाबद्दल हे पत्र आहे. शाळेच्या कार्यक्रमासाठी पोशाख, एखाद्या उपक्रमाच्या मदतनिधीसाठी पिशव्या, रुग्णालयातल्या बाळांसाठी टोपडी, अशा हाताने करायच्या वस्तू त्यांत मागितलेल्या असतात आणि त्या बहुतेक वेळा लहान मुलांच्या आईवडिलांकडेच मागितल्या जातात. मी दोन मुलांची आई आहे, नोकरी करते, सहा वर्षांपासून एका स्वयंसेवी गटात आहे आणि क्रोशाचे विणकाम करते. माझे म्हणणे एवढेच आहे की अशी वस्तू मागणाऱ्याने तिला किती तास लागतील हे आधी सांगावे आणि ती हाती आल्यावर ते तास सेवेचे तास म्हणून नोंदवावेत. आज यांतले काहीही होत नाही, कारण हे काम ‘बसल्या बसल्या’ होते असे सगळ्यांनी धरून ठेवले आहे.

गेल्या वर्षी आमच्या गटाकडे अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी टोपड्यांची मागणी आली. चाळीस टोपडी, तीन आठवड्यांत. निरोप रात्री साडेदहाला आला आणि त्यात लिहिले होते, ‘तुम्हाला काय, टीव्ही बघता बघता बसल्या बसल्या होतील.’ लिहिणाऱ्या ताईंच्या मनात काहीही वाईट नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. मीसुद्धा लगेच ‘हो’ कळवले, कारण काम खरोखरच मोलाचे होते. सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या अंगात उष्णता धरून ठेवण्याइतकी चरबी नसते आणि शरीराच्या मानाने डोके मोठे असल्यामुळे तिथून बरीच ऊब निघून जाते. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोता शहरात एद्गार रे सानाब्रिया या डॉक्टरांनी अशा बाळांना आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची पद्धत सुरू केली, तिला आज कांगारू मातृसेवा म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या शिफारशींत ही सेवा दिवसातून आठ ते चोवीस तास द्यावी असे म्हटले आहे. त्या वेळी बाळाच्या अंगावर लंगोट, पायमोजे आणि डोक्यावर टोपडे एवढेच असते. आपण विणलेली वस्तू अशा जागी पोचणार असेल, तर नाही कोण म्हणेल?

मात्र त्या वेळी मी एक वही केली आणि टोपड्याला सुईवर पहिली साखळी घातल्यापासून मिनिटे लिहू लागले. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण पस्तीस सेंटिमीटर असतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचा सव्वीसच्या आसपास, म्हणजे मोठ्या संत्र्याहून फारसा जास्त नाही. इतक्या लहान घेरात एक मुका खांब (क्रोशातला आखूड टाका; टाक्यांना आम्ही खांब म्हणतो) जास्त झाला तरी टोपडे डोळ्यांवर घसरते आणि एक कमी पडला तर कपाळावर वळ उठेल, म्हणून प्रत्येक फेरी मोजावी लागते. टीव्ही बघत मोजता येत नाही. एका टोपड्याला मला सरासरी एक तास चाळीस मिनिटे लागली. सुटे धागे आतल्या बाजूने ओवून टोके कापायला आणखी दहा. चाळीस टोपड्यांचे हे त्र्याहत्तर तास वीस मिनिटे झाले. सूत शोधणे, धुणे, वाळवणे, घेर पुन्हा मोजून मापांप्रमाणे गठ्ठे करणे, चिठ्ठ्या लावणे यांत नऊ तास वेगळे गेले. आठ तासांचा दिवस धरला तर दहा दिवसांची पूर्ण नोकरी झाली, आणि ती मी माझी नोकरी, घर आणि मुले सांभाळून रात्री केली होती.

त्यांतली आठ टोपडी परत आली. त्यांना हनुवटीखाली बांधायला नाजूक बंद लावले होते आणि लव असलेली लोकर वापरली होती. परिचारिकेने शांतपणे समजावले की बंद गळ्याभोवती आवळू शकतो, लव बाळाच्या नाकात जाऊ शकते आणि कापड गरम पाण्यातल्या धुलाईला टिकले पाहिजे. तिचे शब्द न् शब्द खरे होते. मला वाईट याचे वाटले की हे आवाहनात एका ओळीत लिहिता आले असते. ज्याला आपण किती तास मागतो आहोत हे माहीतच नाही, त्याला ती एक ओळ लिहिण्याची निकड वाटत नाही. मी त्या रात्री आठही टोपडी उसवली. उसवलेले सूत वेटोळ्या-वेटोळ्यांनी मांडीवर साठत जाते, त्याच्यात टाक्यांचे वळण तसेच राहिलेले असते, आणि पंधरा तासांचे काम अर्ध्या तासात उलगडते. (विणणारे याला फारसे घाबरत नाहीत, आपल्या चुकीसाठी उसवणे आणि न सांगितलेल्या अटीसाठी उसवणे यांत मात्र फरक आहे.) जाता जाता वाचकांसाठी एक उपयुक्त गोष्ट सांगते. ही टोपडी रुग्णालयातल्या देखरेखीखालच्या बाळांसाठी असतात. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे जन्मानंतरचे पहिले काही तास आणि नवजात अतिदक्षता विभाग वगळता घरात झोपवताना बाळाला टोपी घालू नये, कारण अंग जास्त तापण्याचा धोका असतो. तेव्हा उरलेली टोपडी ओळखीच्या घरांत वाटून टाकणे हाही योग्य मार्ग नव्हे.

घरात त्या तीन आठवड्यांत काय झाले हे सांगायला मला संकोच वाटतो, तरी सांगितले पाहिजे. माझी दहा वर्षांची मुलगी शाळेत घडलेली एक लांबलचक गोष्ट सांगत होती, मी ‘हं, हं’ करत होते, आणि मध्येच थांबून तिने विचारले, ‘आई, तू माझं ऐकतेस की खांब मोजतेस?’ मी खांब मोजत होते. तिच्यासाठी ती आठ वर्षांची असताना मी एक स्वेटर सुरू केला होता. पाठ झाली, एक बाही झाली, मग दर वेळी कुणाचे तरी तातडीचे काम पुढे येत गेले. या वर्षी ती पाठ तिच्या खांद्यांना लावून पाहिली, तर चार बोटे कमी पडली.

आता या तासांना काय म्हणायचे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आश्रयाने भरलेल्या श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या एकोणिसाव्या परिषदेने २०१३ साली ‘काम’ या शब्दाची जी व्याख्या ठरवली, ती मला या बाबतीत फार मोलाची वाटते. त्या व्याख्येत मोबदल्यासाठी केलेली नोकरी हा कामाचा एक प्रकार आहे, स्वतःच्या कुटुंबाच्या वापरासाठी वस्तू बनवणे आणि घरच्यांची काळजी घेणे हा दुसरा, आणि कुणाच्याही सक्तीशिवाय, विनामोबदला, घराबाहेरच्यांसाठी केलेले काम हा आणखी एक. म्हणजे माझ्या हातातले सूत तेच, सुई तीच; मुलीचा स्वेटर विणला तर तो घरच्या वापरासाठीचे उत्पादन, टोपडे विणले तर स्वयंसेवा, विकण्यासाठी विणले तर रोजगार. तिन्ही वेळा ते काम आहे. आपल्या बोलण्यात मात्र तिसऱ्यालाच काम म्हणतात आणि पहिल्या दोन्हींना ‘तिचा छंद’ म्हणून सोडून देतात. छंद म्हटला की तो रिकाम्या वेळेत होतो असे ठरते, आणि रिकामा वेळ आहे असे ठरले की आणखी मागायला कुणाला संकोच वाटत नाही.

हा रिकामा वेळ कुणाकडे किती असतो? त्याच श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालात ६४ देशांच्या पाहण्यांवरून असे मांडले आहे की जगात रोज १६.४ अब्ज तास विनामोबदला काळजीच्या आणि घरकामात जातात आणि त्यांतले ७६.२ टक्के तास स्त्रियांचे असतात. दिवसाला स्त्रीचे सरासरी चार तास पंचवीस मिनिटे, पुरुषाचा एक तास तेवीस मिनिटे. तीन तास दोन मिनिटांचा हा फरक अंगावर घेऊन आलेल्या बाईला संध्याकाळी आणखी एक काम मागताना त्याचे तास न सांगणे मला अन्यायाचे वाटते. आणि घरची सगळी जबाबदारी एकट्याने उचलणाऱ्या वडिलांनाही हेच लागू आहे. आमच्या गटात असे एक दादा आहेत.

‘सेवेचा हिशेब ठेवायचा नसतो’ असे मला गटातच ऐकवले गेले. मी पैसे मागत नाही. वेळ मोजण्याने सेवेचे मोल उतरते हे मला पटत नाही, उलट न मोजल्याने नुकसान होते आणि ते कधी कधी तिसऱ्याच माणसाचे होते. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा, ऑगस्ट १९१४ मध्ये, ब्रिटनमध्ये राणी मेरीच्या पुढाकाराने सैनिकांसाठी कपडे शिवण्या-विणण्याची स्वयंसेवी मोहीम निघाली. युद्धामुळे आधीच काम गेलेल्या शिवणकामगार बायकांच्या पोटावर यामुळे पाय येईल, हे कामगार नेत्या मेरी मॅकआर्थर यांनी दाखवून दिले, आणि मग त्याच महिन्यात बेकार स्त्रियांना मोबदल्याचे काम देणारा वेगळा निधी उभा राहिला. फुकट मिळणाऱ्या हातकामाला काही किंमत लागते, ती कुणीतरी भरत असते, हे तेव्हाही कुणीतरी बोलून दाखवावे लागले होते.

टोपड्यांच्या प्रसंगानंतर मी वही गटापुढे ठेवली. वाद झाला, दोन बैठका गेल्या, एक ताई काही काळ माझ्याशी बोलत नव्हत्या. पण वहीतले आकडे पाहून सगळ्यांच्या लक्षात आले की एका टोपड्यामागच्या कामात कसब लागते ते फक्त विणण्याला. धुणे, मोजणे, चिठ्ठ्या, पोचवणे कुणीही करू शकते. आता धुणे आणि मापांचे गठ्ठे वर उल्लेख केलेले दादा पाहतात आणि ते काम माझ्याहून नेटके करतात. विणणारे आम्ही नऊ जण आहोत आणि कुणीही एका वेळी पाचांहून जास्त टोपडी घेत नाही. घरी आठवड्याच्या दोन संध्याकाळी माझ्या विणकामाच्या ठरल्या आहेत, त्या दिवशी मुलांचा अभ्यास आणि झोपवणे नवऱ्याकडे असते. तिसरी संध्याकाळ लागेल असे काम आले तर मी नाही म्हणते. पहिल्यांदा नाही म्हणताना माझा घसा कोरडा पडला होता. नियम नवे असल्यामुळे त्यांत त्रुटी आहेत. मुले आजारी पडली की सगळे कोलमडते आणि मागची टोपडी पुढच्या आठवड्यावर जातात.

संपादक महोदय, आपल्याकडे संस्थांची आवाहने छापण्यासाठी येतात. हातकामाची वस्तू मागणारे आवाहन आले, तर ते छापण्याआधी एका वस्तूला सरासरी किती वेळ लागतो, कोणते साहित्य चालते आणि कोणते चालत नाही, ते कोण पुरवणार आणि काम कधी संपणार, एवढे त्या संस्थेला विचारावे आणि उत्तर आवाहनाबरोबर छापावे, अशी माझी विनंती आहे. उत्तर देता येत नसेल, तर संस्थेतल्या कुणीतरी आधी एक वस्तू स्वतः करून पाहावी. एक तास चाळीस मिनिटांत कळते. तसेच वर्षअखेरीस स्वयंसेवेच्या तासांचे आकडे संस्था जाहीर करतात, त्यांत प्रत्यक्ष हजेरी लावून केलेल्या कामाबरोबर घरी बसून विणलेल्या, शिवलेल्या कामाचे तासही धरले आहेत का, हेही आपल्या प्रतिनिधींनी विचारावे.

मुलीचा तो स्वेटर मी उसवला आहे. त्याच लोकरीत आणखी दोन लडी घालून मोठ्या मापाची पाठ सुरू केली आहे, आणि वहीत तिचेही तास लिहिते आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक