पातळी छापता, तशी पाण्याची हालचालही विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जून उजाडला की राकसकोप जलाशयाची पातळी किती फुटांवर आली, हिडकल धरणात किती टीएमसी साठा झाला, हे आम्ही तुमच्या अंकात आधी शोधतो. बेळगावकरांना पाण्याची धास्ती आहे, ते साहजिकच आहे. पण पाणी किती, एवढंच आपण विचारतो. ते हलतंय की थिजून उभं आहे, हे कुणी विचारत नाही, आणि उन्हाळ्यात पाण्यावर येणाऱ्या शेवाळाचं मूळ बरंचसं तिथेच आहे.

आमच्या गावच्या तळ्याचं सांगतो. वैशाखात पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा पाण्यावर पोपटी रंग सांडल्यासारखा थर दिसतो. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की तोच थर पूर्वेच्या काठाला जाऊन घट्ट साचतो. जनावरांचा पाणवठा नेमका त्याच काठाला! गेल्या उन्हाळ्यात म्हशी तिथून तोंड फिरवून परतल्या. एका कार्यालयात अर्ज दिला, तर "पाऊस पडला की जाईल" असं उत्तर मिळालं.

जाईल, हे खरं. पण का जाईल, हे त्यांनी समजून घ्यायला हवं होतं. हा थर धरणारं निळं-हिरवं शेवाळ म्हणजे खरं तर एक प्रकारचे जीवाणू. त्यांच्या पेशींत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे पाणी शांत असलं की ते वर तरंगून ऊन आपल्याकडे ओढून घेतात. पाणी ढवळत राहिलं तर हा फायदा जातो; सारखं खाली-वर जावं लागतं, ऊन पुरत नाही आणि दुसऱ्या, बहुधा निरुपद्रवी शेवाळांना जागा मिळते.

उन्हाळ्यात जलाशयाचे दोन थर पडतात, वर कोमट, खाली गार. आपल्याकडे ही गोष्ट विशेष घट्ट बसते. तीस अंशांच्या पाण्यात एका अंशाने जडपणात जो फरक पडतो, तो दहा अंशांच्या पाण्यातल्या फरकाच्या तिपटीहून अधिक असतो. म्हणजे थोड्या तापमानफरकानेही थर टिकतात. तळाला प्राणवायू संपतो आणि गाळात बसलेलं फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचं खाद्य, पाण्यात सुटतं. मग एखादा जोराचा वळीव सगळं घुसळून वर आणतो. वळवानंतर तळ्यात मासे मरून तरंगतात ते बहुतेक यामुळेच. लोक मात्र कुणीतरी विष टाकलं म्हणून भांडतात.

उसाच्या फडातलं खत आणि गावांचं सांडपाणी हे या शेवाळाचं अन्न आहे, ते रोखायलाच हवं. पण ते काम वर्षांचं आहे. पाण्याची हालचाल आणि पाणी कुठून उचलायचं, हे त्याआधीही हाती घेता येतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या न्यूवे मेर या तलावात 1993 पासून तळाशी हवेचे बुडबुडे सोडून पाणी ढवळलं, आणि तिथलं निळं-हिरवं शेवाळ कमी झालं. तो तलाव खोल आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. उथळ जागी किंवा अर्धवट ढवळलं तर शेवाळ तसंच राहतं आणि तळाचं फॉस्फरस तेवढं वर येतं. म्हणून आधी मोजमाप हवं.

शेवाळ मारायला मोरचूद टाकण्याची घाई तर करूच नये. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं विष पाण्यात उतरतं, आणि ते उकळूनही जात नाही. मायक्रोसिस्टिन-एलआर या अशाच एका विषासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. आपल्या धरणांच्या पाण्यात ते तपासलं जातं का, हे जनतेला कळायला हवं.

माझी विनंती आपल्या वार्ताहरांना आहे. मार्च ते मे या काळात पातळीबरोबर आणखी तीन गोष्टी अधिकाऱ्यांना विचाराव्यात: वरच्या आणि तळाच्या पाण्याचं तापमान किती, तळाला प्राणवायू आहे का, आणि पाणी नेमक्या कुठल्या खोलीवरून उचललं जातं. पुढच्या वैशाखात कुणी पहाटे सहाच्या आत आमच्या तळ्यावर आलं, तर तो थर मी स्वतः दाखवीन. उशीर केल्यास वारा त्याला काठाला घेऊन गेलेला असेल.

आपला,
एक वाचक, खानापूर तालुका, जि. बेळगाव