पट्ट्या सापडल्या

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

समोर बोलायला गेले तर आवाज चढेल, म्हणून लिहितेय. तुझी सॅक धुवायला काढली, तर तळाशी गुंडाळलेल्या, बॉक्सिंगवाले हातांना बांधतात तशा दोन लांब पट्ट्या निघाल्या. एकीवर रक्ताचा वाळका डाग. सायकलवरून पडलास म्हणालास, तेव्हा बोटांची सालं कशाने गेली होती ते आज समजलं.

रात्री झोप लागेना. बॉक्सिंगबद्दल वाचत बसले आणि बेनी लिओनार्डपाशी अडकले. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या ज्यू वस्तीतला मुलगा, खरं आडनाव लाइनर. १९११ साली, १५ वर्षांचा असताना रिंगमध्ये उतरला. घरी कळू नये म्हणून त्याने नावच बदललं. इथेच माझ्या पोटात कालवलं. पुढे १९१७ मध्ये त्याने फ्रेडी वेल्शला नवव्या फेरीत लोळवलं आणि लाइटवेट या हलक्या वजनगटाचा जगज्जेता झाला. १९२५ पर्यंत ते पद त्याच्याकडेच होतं.

लढत संपली तरी चापून बसवलेले केस विस्कटत नसत, याचा त्याला केवढा अभिमान! म्हणजे समोरच्याचा हात डोक्यापर्यंत पोचूच द्यायचा नाही. १९२२ मध्ये ल्यू टेंडलरचा डावा ठोसा असा बसला की याचे गुडघे वाकले. तर हा चक्क त्याच्याशी बोलायलाच लागला. टेंडलर क्षणभर गोंधळला, तेवढ्यात हा सावरला. मार खातानाही डोकं जाग्यावर होतं, म्हणून मला तो आवडला. तुझे सर ठोसा चुकवायला शिकवतात का रे?

१९२५ च्या जानेवारीत आईच्या इच्छेखातर तो निवृत्त झाला. पण १९२९ च्या मंदीत पैसा गेला आणि त्याला परतावं लागलं. १९३२ मध्ये, छत्तिशीत, जिमी मॅक्लार्निनने त्याला सहाव्या फेरीत हरवलं. १९४७ मध्ये पंच म्हणून उभा असताना तो रिंगमध्येच कोसळला आणि गेला. अवघा ५१ वर्षांचा होता.

त्याच्या आईसारखं मी तुला सोड म्हणणार नाही. फक्त माझ्यापासून लपवू नकोस. शनिवारी जादा तास आहे म्हणून जातोस ना, तिथे मीही येणार. लांब बसेन, हाक मारणार नाही.

पट्ट्या धुऊन गॅलरीत वाळत घातल्यात, उघड्यावर. डाग पुरता गेला नाही.

तुझी,
आई