सूचना : सहीची हवाई टपाल पाकिटं रविवारी आणा

सभासदहो, नमस्कार.

रविवारी सकाळी १० वाजता दादरला नेहमीच्या जागी जमू या. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणलेल्या टपालातलं एखादं पाकीट कुणाकडे असेल, तर नक्की आणा. तिथून पुढे मद्रासपर्यंत ते टपाल नेणाऱ्या नेव्हिल व्हिंटसेंट यांची सही मला एकदा तरी डोळ्यांनी पाहायची आहे!

सही भिंगाखाली नीट बघा. बॉलपेनची असेल तर ती १९३२ ची नव्हे, नंतर घेतलेली. तीही मोलाचीच, पण विकताना तसं स्पष्ट सांगा.

कृपया लॅमिनेशन करू नका. पीव्हीसीच्या कव्हरात पावसाळाभर राहिलेली माझी एक सही प्लॅस्टिकला चिकटून निम्मी गेली.